फुटलेल्या बरणीची काच



गेल्या वर्षीच्या दशलक्षणातली गोष्ट. त्या दिवशी माझं एकासन होतं. दुपारी फडताळ आवरताना सुंठेची काचेची बरणी हातातून निसटली. काचा केरसुणीने गोळा केल्या आणि सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकून दिल्या. प्रवचनाला जायची घाई होती, त्यापुढे विचारच केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचरावेचक मावशी दारात आल्या. डबा पोत्यात उलटा केला आणि प्लॅस्टिक वेगळं काढायला हात घातला. बोटाला चांगलीच काच लागली. मी हळद आणायला धावले. मावशी रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ताई, काच कागदात बांधून देत जा. आणि ते पॅडसुद्धा. उघडंच असतं, हातात येतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पाणी गाळून वापरते, दिवेलागणीच्या आत जेवते, डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांसाठी. आणि रोज माझ्या दारात उभा राहणारा पंचेंद्रिय जीव, एक बाई, तिच्या हाताचा विचार मी एकदाही केला नव्हता.

दोन दिवस त्यांची जोडीदारीण एकटीच आली. मावशी परत आल्या तेव्हा मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. गळ्यातल्या ओळखपत्राबद्दल विचारलं. म्हणाल्या, "हे नव्हतं तेव्हा माझी सासू पाठीवर पोतं घेऊन कचराकुंडीवर जायची. कुणी चोर म्हणायचं, कुणी हुसकून लावायचं."

त्यांच्याकडून कळलेलं आणि नंतर मी स्वतः वाचलेलं तुम्हाला सांगते. पुण्यात एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या काही कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्यांच्या वस्तीत मुलांना शिकवायला जात. मुलंही आयांबरोबर कचरा वेचायला जातात, हे त्यांना तिथे दिसलं. घरांनीच ओला-सुका कचरा वेगळा करून या बायकांच्या हातात दिला तर काम कमी घाणीचं होईल आणि भंगारालाही बरा भाव येईल, असं त्यांना वाटलं. त्यातूनच 1993 साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. पाठीशी बाबा आढाव होते, पुढे लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने होत्या. सभासद बहुतेक बायका, त्यातही बहुसंख्य दलित समाजातल्या. पंचायतीने ओळखपत्रं दिली आणि पुणे महापालिकेने त्यांना मान्यता दिली. पुढे याच बायकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि 2008 मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. तेव्हापासून त्या दारोदार कचरा घेतात. महिन्याचं शुल्क आपण त्यांना देतो आणि सुक्या कचऱ्यातलं भंगार विकून मिळालेले पैसेही त्यांचेच.

आपल्या चार दानांत एक अभयदान आहे. ते म्हणजे पिंजऱ्यातले पक्षी सोडवणं, पांजरपोळाला मदत करणं, असंच मी समजत होते. त्या ओळखपत्रामुळे मावशींची भीती गेली, हेही अभयदानच की.

दिवाळीनंतर सोसायटीच्या मीटिंगमध्ये शुल्काचा विषय निघाला. एकजण म्हणाल्या, "भंगार विकून मिळतंच त्यांना, वर पैसे कशाला?" खरं सांगते, वर्षभरापूर्वी मीही हेच म्हणाले होते. मंदिरात आरतीच्या बोलीला मी मागेपुढे पाहत नाही, आणि इथे मात्र महिन्याच्या शुल्कासाठी मावशींना दोन-दोनदा खेपा घालायला लावल्या होत्या. या वेळी मी उठून बोलले. भंगार हा त्यांनी वेचलेल्या मालाचा पैसा. जिने चढून, ओलं-सुकं उचलून नेण्याचा पैसा वेगळा. मतभेद झाले, आवाजही चढले. शेवटी प्रत्येक घराने पाच तारखेच्या आत शुल्क द्यायचं असं ठरलं. दोन घरं अजूनही देत नाहीत.

माझ्या मुलीने आणखी एक गोष्ट वाचून दाखवली. 2008 मध्येच दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, बोगोटा शहरात, कचरावेचकांची पहिली जागतिक परिषद भरली होती. भारतातूनही प्रतिनिधी गेले होते. त्याच शहरातल्या नोहरा पादिया कचरा वेचणाऱ्या घरातच वाढल्या, संघटनेच्या नेत्या झाल्या. तिथल्या संघटना न्यायालयात लढल्या आणि 2013 पासून बोगोटात कचरावेचकांना त्यांच्या कामाचा मोबदला शहराकडून मिळू लागला. त्याच वर्षी पादियांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कारही मिळाला. मावशींना हे सांगितलं तर त्यांनी आधी विचारलं, "तिकडं किलोला काय भाव मिळतो?" मग म्हणाल्या, "म्हणजे आमच्यासारख्या तिकडंही हायेत."

क्षमावाणीच्या दिवशी आपण नातेवाइकांना फोन करतो, मेसेज पाठवतो. त्या वर्षी मी पहिली क्षमा मावशींची मागितली. त्या लाजून हसल्या आणि म्हणाल्या, "क्षमा राहू द्या ताई, कागद तेवढा विसरू नका."

तर मैत्रिणींनो, आजपासून एवढं करूया. फुटलेली काच, ब्लेड जाड कागदात गुंडाळून हातात वेगळं द्यायचं आणि सांगून द्यायचं. पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात बांधून वर लाल पेनाने ठळक ठिपका काढायचा, म्हणजे न उघडताच त्यांना कळतं. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून द्यायच्या. आणि शुल्क मागायची वेळ त्यांच्यावर आणायची नाही.

माझ्या स्वयंपाकघरात पाणी गाळायच्या कापडाशेजारी आता जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि एक लाल पेन असतं.

जय जिनेंद्र.