भंडाऱ्याच्या पिनकोडाचं कूळ

पाकिटावर भंडाऱ्याचा पिनकोड लिहिला, ४४१९०४, की माझा हात तिथं थांबत नाही. अंकांची बेरीज २२. ती त्याच संख्येत मिळवली की ४४१९२६. हिच्या अंकांची बेरीज २६, म्हणून पुढची ४४१९५२. मग ४४१९७७, मग ४४२००९. प्रत्येक संख्या आपल्याच अंकांतून पुढचीला जन्म देते, आणि माळ संपत म्हणून नाही.

हे वेड दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचं. जन्म १९०५चा, डहाणूचा. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ मास्तरकी. ६१७४ या संख्येमुळे त्यांचं नाव झालं, पण मला या माळा जास्त मोलाच्या वाटतात. पुढं जायला नुसती बेरीज पुरते, मागं जायचं तर शोध घ्यावा लागतो. ४४१९०४ची जनक संख्या ४४१८७५. तिची ४४१८४७. तिची ४४१८२४. आणि तिच्या मागं? कोणीच नाही. कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून ४४१८२४ येत नाही. अशा संख्यांना कापरेकर स्वयंभू म्हणत. १, ३, ५, ७, ९, २०, ३१ याही त्यातल्याच. आपल्या गावाचं कूळ स्वयंभूपाशी पोचतं, याचा मला खरोखर आनंद झाला.

काही संख्यांना दोन जनक असतात. आंभोऱ्याला कन्हान वैनगंगेला मिळते, तशा ९१ आणि १०० या दोघी १०१ला येऊन मिळतात. तीन जनक असलेली सर्वांत लहान संख्या चौदा अंकी आहे, १००००००००००००१. तीही कापरेकरांनीच शोधली. मार्टिन गार्डनरनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं ते मार्च १९७५मध्ये. मास्तर तेव्हा केव्हाच निवृत्त झाले होते. इतका उशीर व्हायला नको होता.

तुमसरचा पिनकोड ४४१९१२. अंकांची बेरीज २१. तिनाच्या पटीत तिनाची पट मिळवत गेलं तर तिनाच्या पाढ्याबाहेर पडणार कसं? भंडाऱ्याच्या माळेत मात्र तिनानं भाग जाणारी संख्या कधीच येत नाही. बाकी एकदा १, एकदा २. म्हणजे भंडारा आणि तुमसर यांच्या माळा कितीही लांबवल्या तरी भेटायच्या नाहीत. आठवीतल्या पोरालाही हे पटवून देता येतं.

साकोलीच्या ४४१८०२ला ही आडकाठी नाही. तिची माळ भंडाऱ्याच्या अगदी जवळून जाते: इकडे ४४२०४८, तिकडे ४४२०४९. एकानं चुकामूक. त्यापुढचा हिशेब चालू आहे.