खळं

सुगीच्या तोंडावर आजोबा खळं करायला घेत. तेरणाकाठची आमची काळी जमीन, ऊन चढू लागलं की बोट जाईल एवढ्या भेगा. मधोमध मेढ रोवायची, पाणी शिंपायचं, बैल फिरवून माती तुडवायची, चोपायची, मग शेणानं सारवायची. एक भेग राहिली तरी ज्वारीचे दाणे आत गडप. शेवटी आजोबा पायताण काढून खळ्यावर चालत. ओल किती, कुठं दाबायचं राहिलं, ते तळपायाला कळायचं.

क्रिकेटपटू पालवणकर बाळूंविषयी वाचताना मला ते तळपाय आठवतात. १८९०च्या दशकात पुण्यात, गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर बाळू खेळपट्टीला पाणी मारत, रूळ फिरवत, नेट बांधत. चेंडू टाकता टाकता डावखुरी फिरकी बोटांत बसली. ती मातीनंच शिकवली असं मी मानतो. जो जमीन घडवतो त्याला तिची उसळी आधी कळते. ग्रेग नावाचा लष्करी अधिकारी इतरांच्या आधी येऊन त्यांच्या चेंडूंवर सराव करी. बाळूंच्या हाती बॅट मात्र कुणी दिली नाही. पुढं १९०१ च्या कौंटी हंगामात ग्रेगनं हॅम्पशायरकडून लँकेशायरविरुद्ध नाबाद २४९ धावा केल्या. तो आकडा दिसला की मला पुण्यातल्या त्या सकाळी दिसतात.

हिंदूंच्या संघात घेतलं तरी बाळूंचा चहा वेगळा, बाहेर, मातीच्या भांड्यात. चर्मकाराच्या घरचे म्हणून. हे वाचून मी कितीतरी वेळ गप्प बसलो होतो. आमच्या खळ्यावरही रास झाली की मोट शिवणारे, पायताण करणारे आजोबांच्या वयाचे गृहस्थ बलुतं घ्यायला येत. खळ्याच्या कडेबाहेर उभे राहत. सुपातलं धान्य वरून त्यांच्या धोतराच्या ओट्यात पडे. ज्वारी ओतल्याचा तो आवाज अजून कानात आहे.

१९११ साली बाळू भारतीय संघातून इंग्लंडला खेळायला गेले. त्या दौऱ्यात ११४ बळी, एकट्या लेस्टरशायरच्या सामन्यात ११. सॉमरसेटला हरवताना धाकटे बंधू शिवराम नाबाद ११३. लेस्टरच्या त्या खेळपट्टीवर पहाटे रूळ कुणी ओढला असेल? सामन्याआधी बाळूंनी वाकून तिथली माती बोटांनी चाचपली असेल, असं मला वाटत राहतं.