पोटावरचं मनावर

वजन कमी करायला जगात एकच गोष्ट लागते, असं मला आजवर किमान दोनशे माणसांनी सांगितलं आहे. ती म्हणजे 'मनावर घेणं'. 'तुम्ही फक्त मनावर घ्या हो!' असं सांगणारा माणूस बहुधा शिडशिडीत असतो आणि हे सांगताना आपल्याच बशीतली भजी खात असतो. आता गंमत बघा. ओझं आहे पोटावर. ते तिथून उचलून मनावर घ्यायचं. म्हणजे वजन कमी झालं कुठे? नुसतं हललं! शिवाय पोटावर घेतलेलं चारचौघांना दिसतं तरी. मनावर घेतलेलं फक्त घरच्यांना कळतं. कारण मनावर घेतलेला माणूस संध्याकाळी सहानंतर कुणाशीही धड बोलत नाही.

बरं, मनावर घ्यायला काहीतरी निमित्त लागतं. आमच्या कपाटात असं एक निमित्त हँगरला लटकवलेलं आहे. माझ्या लग्नातली पँट, कंबर तीस. ती रोज नजरेला पडली की मला स्फूर्ती यावी, अशी सौभाग्यवतींची योजना. प्रत्यक्षात ती पँट बघून मला त्या पँटीतल्या मुलाची दया येते. बिचारा मेसमध्ये जेवत होता.

काही लोक पैशाचं निमित्त करतात. आमच्या शेजारच्या गृहस्थांनी व्यायामशाळेची वर्षाची फी एकदम भरली. पैसे भरले की माणूस झक मारत जातो, हा त्यांचा सिद्धांत. ते आठ दिवस गेले. आता त्या इमारतीवरून जायची लाज वाटते म्हणून भाजीला मागच्या रस्त्याने वळसा घालून जातात. त्या वळशाने त्यांचं वजन दोन किलोंनी उतरलं आहे. तेव्हा फी अगदीच वाया गेली असं म्हणता येणार नाही.

पूर्वी रेल्वे स्टेशनवर वजनाची यंत्रं असायची. नाणं टाकलं की दिवे फिरायचे आणि खट्कन एक जाड तिकीट बाहेर पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. तुम्ही उदार आहात, लवकरच धनलाभ होईल, असलं काहीतरी. त्या यंत्राला माणसं कळत होती. कडू औषधाबरोबर साखर द्यावी, हे त्याला ठाऊक होतं. हल्लीचा घरातला काटा नुसता आकडा सांगतो. माझा आकडा चौऱ्याऐंशी. पुढे धनलाभ वगैरे काही नाही.

हा आकडा जास्त आहे हे ठरवलं कुणी? तर केटले नावाच्या एका बेल्जियन गृहस्थांनी. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं, हे त्यांचं 1830 च्या दशकातलं गणित. हे गृहस्थ खगोलशास्त्रज्ञ! आकाशातले गोल बघून झाल्यावर त्यांनी जमिनीवरच्या गोलांकडे मोर्चा वळवला असावा. खरं तर त्यांना जाड माणसांशी काही कर्तव्य नव्हतं. सरासरी माणूस कसा असतो, एवढंच शोधायचं होतं. पुढे 1972 मध्ये अन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्या भागाकाराचं 'बॉडी मास इंडेक्स' असं बारसं केलं. आता हा आकडा पंचवीसच्या पुढे गेला की वजन जास्त, असं जग मानतं. आपल्यासाठी मात्र डॉक्टर तेविसापासूनच भुवया चढवतात. माझी उंची एकशे पासष्ट सेंटिमीटर. या उंचीला दोन आकड्यांचा फरक म्हणजे जवळजवळ साडेपाच किलो होतो. म्हणजे युरोपात जन्मलो असतो, तर साडेपाच किलो जागच्या जागी बसून उतरले असते.

आणि यावर तक्रार करायचीही सोय नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच फोटो शेजारी शेजारी छापले. दोघांचाही इंडेक्स 22.3. दिसायला दोघेही सडसडीत. पण चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2! म्हणजे बारीक दिसणारा भारतीयसुद्धा आतून लपूनछपून जाड असतो. हे वाचून मला फार बरं वाटलं. मी निदान उघड उघड आहे.

आहाराच्या बाबतीत आमच्या घरात दोन पंथ आहेत. सौभाग्यवती डॉ. दीक्षितांच्या: दिवसातून दोनदाच खा आणि पंचावन्न मिनिटांत आटपा. मेहुणी ऋजुता दिवेकरांची: 2009 सालच्या त्यांच्या पुस्तकाप्रमाणे दर दोन तासांनी थोडं थोडं खा. दोन्ही पंथांत उतरलेली माणसं मी पाहिली आहेत. पण आमच्या साडूंनी समन्वय साधला आहे. ते दर दोन तासांनी पंचावन्न मिनिटं जेवतात.

गणिताने तर उरलासुरला उत्साहही जातो. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी. तासभर झपाझप चाललं की माझ्यासारख्याच्या फार तर तीनशे जळतात. एक वडापाव खाल्ला की तेवढ्याच परत येतात. म्हणजे महिनाभर तास तास चालावं तेव्हा कुठे किलोभर उतरणार, आणि तेही वडापाववाल्याने आपल्याला ओळख दाखवली नाही तर.

एवढं सगळं मला तोंडपाठ होतं आणि काटा चौऱ्याऐंशीवर सुखाने बसला होता. ज्ञानाने वजन उतरत असतं, तर आमचे सगळे प्राध्यापक सुतळीसारखे दिसले असते.

मग रक्ताचा रिपोर्ट आला. तीन महिन्यांची साखर 6.1. आदल्या दिवशी उपास करून या तपासणीला फसवता येत नाही. पासबुकासारखा जुना सगळा व्यवहार तिच्यात उमटतो. डॉक्टर म्हणाले, "काका, अजून डायबेटीस नाही, पण तो जिन्यात आलाय." अमेरिकेतली 2002 मधली एक मोठी पाहणीही त्यांनी सांगितली. अशा काठावरच्या लोकांनी सात टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालायचं असं ठरवलं, तर मधुमेह होण्याचं प्रमाण अठ्ठावन्न टक्क्यांनी घटलं. गोळी घेणाऱ्यांत फक्त एकतीस. माझे सात टक्के म्हणजे सहा किलो. तिशीची कंबर कुणी मागतच नव्हतं.

रात्री पलंगावर बसलो आणि दादा आठवले, माझे वडील. त्यांना चप्पल चावली ती त्यांना कळलीच नाही. मधुमेहाने पायांची जाणीव गेली होती. जखम दिसली ती आईला, फरशीवरच्या डागांवरून. दोन बोटं गेली. पुढची कितीतरी वर्षं आई रोज रात्री जमिनीवर बसून, हातात बॅटरी घेऊन त्यांचे तळपाय बघायची. तिचे गुडघे कुरकुरायचे आणि दादा छताकडे बघत राहायचे.

मी उभा राहिलो आणि माझे पाय बघायला मान खाली घातली. पाय नव्हते. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. माझे बहुधा तिथेच शेवटचे दिसले असावेत.

"काय शोधताय?" हिने विचारलं.

"पाय."

ही हसली आणि चादर झटकता झटकता म्हणाली, "अहो, त्यात काय एवढं? उद्या वेळ आलीच तर मी बघत जाईन."

इतक्या सहज म्हणाली! हिचे गुडघेही हल्ली जिना चढताना वाजतात.

दोनशे माणसांनी सांगून जे झालं नव्हतं ते त्या एका वाक्याने केलं. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी रस्त्यावर होतो. कुत्री माझ्यावर भुंकली. मग रोज भुंकू लागली, आणि हळूहळू ओळखू लागली. रात्रीचा भात गेला, चहातली साखर गेली, वडापाववाल्याशी संबंध नमस्कारापुरते उरले. चार महिने झाले. काटा ऐंशीवर आहे. सहातले चार गेले, दोन अजून चिवटपणे बसून आहेत.

पण कालच सरळ उभा राहून खाली पाहिलं, तर दोन्ही अंगठे दिसले. मी हिला हाक मारून दाखवले. हिने चष्मा लावला, वाकून नीट पाहिलं आणि म्हणाली,

"नखं केवढी वाढलीत ती! आता दिसतात ना? मग कापा."