खडूच्या रेघेपलीकडची कादंबरी

बावीस आणि चोवीस. गेले तीन आठवडे हे दोन आकडे माझ्या डोक्यातून जात नाहीत. भाजी निवडताना तेच, बसमध्ये तेच, रात्री कूस बदलताना तेच. कुणाला तरी सांगितल्याशिवाय आता मला चैन पडणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

झालं असं, की वाचनालयातून मी सहज 'पोरवय' आणलं. रवींद्रनाथ ठाकुरांचं 'छेलेबेला', पु. ल. देशपांड्यांनी मराठीत आणलेलं. तोवर रवींद्रनाथ माझ्यासाठी भिंतीवरच्या तसबिरीतले होते. पांढरी दाढी, लांब झगा, १९१३चं नोबेल, आपलं राष्ट्रगीत. पुस्तक उघडलं आणि समोर एक पोरगा! कोलकात्यात जोडासांकोच्या त्या अवाढव्य वाड्यात नोकरांच्या हवाली केलेला, आजीच्या काळातल्या मोडक्या पालखीत दडून बसणारा आणि तिथल्या तिथे सगळा मुलूख पालथा घालणारा. एका बैठकीत पुस्तक संपलं. दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडायच्या आधीच मी दारात उभी होते, 'जीवनस्मृती'साठी.

एकाच माणसाने स्वतःच्या आठवणी दोनदा लिहिल्या आहेत, हेच मला ठाऊक नव्हतं. 'जीवनस्मृती' पुस्तकरूपाने आलं १९१२ साली, ते पन्नाशीत पोचले तेव्हा. 'छेलेबेला' १९४० सालचं, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षीचं, मुलांसाठी लिहिलेलं. 'जीवनस्मृती'च्या सुरुवातीलाच ते बजावतात, की आठवण म्हणजे इतिहास नव्हे. आत कुणी चित्रकार बसला आहे, तो आपल्या मर्जीने काही मोठं करतो, काही लहान करतो, पुढचं मागे नेतो आणि मागचं पुढे आणतो. वा, काय सुंदर कल्पना, म्हणून मी पान उलटलं. ती कल्पना शब्दशः खरी आहे हे कळायला मला अजून दहा दिवस लागायचे होते.

त्याच पुस्तकात श्याम नावाचा एक नोकर आहे. पोराच्या मागे धावायला नको म्हणून तो त्याला एका जागी बसवायचा, त्याच्याभोवती खडूने रेघ ओढायचा आणि ही ओलांडलीस तर काही खरं नाही असं बजावून निघून जायचा. रेघ ओलांडल्यावर सीतेचं काय झालं ते पोराला रामायणातून पक्कं ठाऊक! मग तो दिवस दिवस त्या रेघेच्या आत बसून खिडकीतून खालचं तळं आणि वडाचं झाड न्याहाळत राही. ही रेघ लक्षात ठेवा. मला ती पुढे फार उपयोगी पडली.

ऑफिसात माझी एक मैत्रीण आहे, कोलकात्यात वाढलेली. डबा खाताना मी तिला भारावून हे सगळं सांगत होते. तिने शांतपणे हात धुतले आणि म्हणाली, "मग आता सुनीलदा वाच. नाहीतर तुला अर्धीच गोष्ट कळेल." सुनीलदा म्हणजे सुनील गंगोपाध्याय. कादंबरी 'प्रथम आलो', अरुणा चक्रवर्तींच्या इंग्रजी अनुवादात 'फर्स्ट लाइट'. उशीला घेता येईल एवढा जाड ठोकळा. तो मी रात्री जेवणं झाल्यावर उघडला आणि खिडकीबाहेर दूधवाल्याची सायकल वाजली तेव्हा मिटला.

कसं सांगू! 'जीवनस्मृती'त दोन-चार ओळींत येऊन जाणारी एक हकिगत आहे. त्रिपुराचे महाराज बीरचंद्र माणिक्य यांचा मंत्री एके दिवशी तरुण रवींद्रनाथांना भेटायला येतो. कशासाठी? तर 'भग्नहृदय' हे काव्य महाराजांना आवडलं, एवढाच निरोप द्यायला. संपलं. आत्मकथा पुढच्या विषयाकडे वळते. आणि कादंबरी? कादंबरी सुरूच होते त्रिपुरात! राजवाडा, राण्या, दरबार, महाराजांचा शोक, त्या शोकात हाती आलेलं ते काव्य. भरत नावाचा एक राजपुत्र आहे, अनौरस, कुणालाच नको असलेला, लेखकाच्या कल्पनेतून जन्मलेला. आत्मकथेत जो निरोप नुसता दारात येऊन उभा राहतो, त्याच्या मागे कादंबरी त्रिपुरापर्यंत चालत जाते. मी दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवली. डावीकडे कवीच्या चार ओळी, उजवीकडे अख्खा राजवाडा. अंगावर काटा आला.

तेव्हापासून मी दोन्ही हातांनी वाचायला लागले. इकडे एक प्रकरण, तिकडे एक. आणि मग मी पोचले बौठानपाशी.

बौठान म्हणजे वहिनी. ज्योतिरिंद्रनाथ या थोरल्या भावाची बायको. १८६८ साली लग्न होऊन वाड्यात आली तेव्हा नऊ वर्षांची होती, रवी सात वर्षांचा. 'पोरवया'त ती किती आहे म्हणून सांगू! तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत तिने बाग फुलवली आहे. संध्याकाळी चटई आणि लोड, चांदीच्या तबकात ओल्या रुमालाखाली मोगऱ्याचे गजरे, गार पाण्याचा पेला, विडे. ज्योतिदादा व्हायोलिन हातात घेतात आणि रवी गाऊ लागतो. शाळेतून आल्यावर तिच्या हातची कोळंबी आणि पाण्यात भिजवलेला शिळा भात, त्याला मिरचीचा जरासा झटका. ती त्याचं कौतुक म्हणून करत नाही. कविता? बिहारीलाल चक्रवर्तींसारखं तुला जन्मात जमणार नाही. रूप? त्याचं तर नावच नको. एकाच गोष्टीत ती त्याला मानते. तो अडकित्त्याने सुपारी फार बारीक कातरतो!

ही ओळ मी आईला वाचून दाखवली. आईचा अडकित्ता हातातच होता. ती थांबली आणि म्हणाली, "बारीक कातरायला धीर लागतो हो." मग पुन्हा कातरायला लागली. किती तरी वेळ घरात तेवढाच आवाज होता, कट, कट, कट.

आता 'जीवनस्मृती'त तीच बौठान शोधा. १८७५ साली आई गेली त्या रात्रीचं वर्णन आहे. मुलं झोपलेली आहेत, एक दासी रडत ओरडत खोलीत शिरते, आणि बौठान तिला दटावून घाईघाईने बाहेर ओढून नेते. अपरात्री पोरांना धक्का बसू नये म्हणून! तेव्हा ती स्वतः सोळासुद्धा पूर्ण नव्हती. पुढे ते सांगतात, की आईवेगळ्या मुलांना घरातल्या सर्वांत धाकट्या सुनेने पंखाखाली घेतलं. आणि त्याच प्रकरणात, थोडं पुढे, ते लिहितात की चोविसाव्या वर्षी मृत्यूशी जी ओळख झाली ती कायमची. जग तसंच राहिलं, झाडं, सूर्य, चंद्र सगळं जागच्या जागी, आणि त्याहून खरं असलेलं माणूस तेवढं स्वप्नासारखं विरून गेलं. मग ते धोतरावर नुसती जाडी चादर पांघरून, पायात चपला अडकवून थॅकरच्या दुकानात पुस्तकं घ्यायला जात, पावसात आणि थंडीतही तिसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यात झोपत.

कोण गेलं, ते मात्र सांगत नाहीत.

नाव नाही, नातं नाही. पहिल्या वाचनात मी ते पान उलटून पुढे गेले होते! कादंबरी वाचली नसती तर मला कधी कळलंही नसतं, की मृत्यूला खोलीबाहेर ओढून नेणारी ती मुलगी आणि हा मृत्यू, दोन्ही एकच आहेत. एप्रिल १८८४. तिने अफू घेतली. पंचवीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

मी पुन्हा मागची पानं चाळायला लागले. लग्न कधी झालं यांचं? सापडलं. एका वाक्यात. कारवारहून परतल्यावर काही दिवसांनी माझं लग्न झालं, तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, अशा अर्थाचं एकच वाक्य! आणि पुढे कुठे तरी मृत्यू, चोवीस. म्हणजे मध्ये दोन वर्षं. हो ना?

मी उठून कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशोब मांडला. जन्म ७ मे १८६१. लग्न ९ डिसेंबर १८८३. बौठान गेली त्यानंतर साडेचार महिन्यांत. तेव्हा रवींद्रनाथांचं तेविसावंसुद्धा पूर्ण व्हायचं होतं! साडेचार महिन्यांची दोन वर्षं केली आहेत आठवणीने. आतल्या चित्रकाराने ही दोन चित्रं एका भिंतीवर लावलेलीच नाहीत. मुद्दाम केलं असेल का? मला नाही वाटत. ज्या दोन गोष्टी शेजारी ठेवणं सोसत नाही त्यांच्यामध्ये मन आपोआप अंतर घालत असेल. पहिल्याच पानावर त्यांनी सांगून ठेवलं होतं ना? पेन्सिल हातात धरून मी स्वयंपाकघरात उभी होते आणि डोळे भरून आले होते.

आता थांबणं शक्यच नव्हतं. अरुणा चक्रवर्ती या स्वतःही कादंबरीकार, त्यांची 'जोडासांको' २०१३ची. तिथे तोच वाडा बायकांच्या बाजूने उघडतो. बौठान वाड्यातच नोकरीला असलेल्या माणसाची मुलगी, ही गोष्ट 'पोरवय' वाचताना कधी डोक्यात आली नव्हती. ती इथे जेवणाच्या पंगतीपासून माजघरापर्यंत टोचत राहते. ज्योतिरिंद्रनाथांच्या जहाजाच्या धंद्याचंही तसंच. 'जीवनस्मृती'त तो किती मजेत सांगितला आहे! लिलावात सात हजारांना जहाजाचा सांगाडा घेतला, साहेबाच्या कंपनीशी टक्कर दिली, दिवाळं वाजलं. त्या धामधुमीत मागे घरात कोण एकटं होतं, ते विचारायला कादंबरीकार लागतो. रंजन बंद्योपाध्यायांनी तर तिचं अखेरचं पत्रच कल्पून लिहिलं आहे.

यात आपली एक मुलगी आहे हेही मला ठाऊक नव्हतं! १८७८ साली विलायतेला जाण्याआधी सतरा वर्षांच्या रवींद्रनाथांना इंग्रजी रीतिभाती शिकायला मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी ठेवलं होतं. प्रार्थना समाजाचे हे संस्थापक, मराठी व्याकरणकार दादोबांचे भाऊ. त्यांची मुलगी अन्नपूर्णा, विलायतेहून शिकून आलेली. तिने कवीकडे आपल्यासाठी एक नाव मागितलं. त्याने दिलं, गाण्यात गुंफलं. तुमचं गाणं ऐकलं तर मी मेलेलीसुद्धा उठून येईन, असं ती म्हणाली. आणि दाढी कधी ठेवू नका, हेही! 'पोरवया'त हे सगळं आहे, तिचं नाव मात्र नाही. तीही रेघेपलीकडे. तिची कादंबरी कुणी तरी मराठीत लिहायला हवी. कुणी तरी लिहाच.

आता बौठानचं नाव सांगते. ते मी इतका वेळ मुद्दाम राखून ठेवलं होतं. तिचं नाव कादंबरी. कादंबरीदेवी.

हे लक्षात आलं तेव्हा मी मोठ्याने ओरडले. बंगालीत कादंबरीला उपन्यास म्हणतात, हिंदीतही तेच. बाणभट्टाच्या नायिकेचं नाव अख्ख्या साहित्यप्रकाराला देऊन बसलो आहोत ते आपण. त्यामुळे आत्मकथेत जे नाही ते कादंबरीत आहे, हे वाक्य आपल्या भाषेत दोनदा खरं ठरतं!

मैत्रिणीने मला एक गोष्ट बजावली आहे आणि ती मला पटली आहे. कादंबरी म्हणजे पुरावा नव्हे. भरत कधी जन्मला नव्हता, गच्चीवरचे संवाद कुणी ऐकले नव्हते आणि ती का गेली ते सांगायला ती उरलेली नाही. म्हणूनच मी म्हणते आहे, दोन्ही एकदम वाचा. एकाच आठवड्यात, एकाच टेबलावर. नुसती आत्मकथा वाचलीत तर तुम्ही रेघेच्या आत बसून तळं आणि वड पाहाल, आणि ते सुंदरच आहेत. नुसती कादंबरी वाचलीत तर रेघ होती हेच कळणार नाही. दोन्ही वाचलीत तर रेघ दिसते. तिच्या आत पन्नाशीचा एक माणूस स्वतःहून बसला आहे हे दिसतं. आणि तो आत का बसला आहे ते कळल्यावर त्याची माया वाटते.

काल रात्री मी पुन्हा 'पोरवय' उघडलं. लिहिताना त्यांचं वय एकोणऐंशी. ती जाऊन छप्पन्न वर्षं झाली होती. तिचं जाणं तिथेही नाही. पण शिळ्या भाताची चव आहे, रुमालाचा ओलावा आहे, आणि एक पोरगा अडकित्ता घेऊन बसला आहे, कारण ती कौतुक करते ते तेवढ्याच एका गोष्टीचं. आई म्हणाली, "वाच की पुढे." मी वाचलं. ती कातरत राहिली, नेहमीपेक्षा बारीक.