टॅबचे झाकण

टॅबलेट हे मुळात पाहण्याचे आणि वाचण्याचे साधन. त्यावर लिहायचे म्हटले की काचेवर उमटलेल्या अक्षरांवर बोटे टेकवावी लागतात, आणि काच बोटाला काहीच उत्तर देत नाही. अक्षर उमटले की नाही हे प्रत्येक वेळी डोळ्यांनी पाहावे लागते. ही उणीव भरून काढण्यासाठी कीबोर्ड असलेली झाकणे बाजारात आली. मिटले की टॅबचे संरक्षण, उघडले की समोर टंकलेखनाची पाटी. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये आपल्या सरफेस टॅबबरोबर अशी दोन झाकणे आणली होती. एकाची बटणे अगदी सपाट, नुसत्या स्पर्शाने चालणारी. दुसऱ्याची खाली दबणारी. सपाट झाकण लवकरच बंद पडले, दबणारे टिकले. बोटांना काय हवे असते, ते त्यातून दिसले. आज कोणत्याही शहरातील मोबाईलच्या दुकानात अशी आठ-दहा झाकणे मांडलेली दिसतात, आणि त्यांतले एक निवडायला फार तर दहा मिनिटे लागावीत असे दुकानदाराला वाटते. आम्हाला तीन आठवडे लागले.

झाकण हवे होते ते आईसाठी. तिचे वय ७४. मराठी टंकलेखनाची मिनिटाला ४० शब्दांची परीक्षा उत्तीर्ण होऊन तिने एका सरकारी कार्यालयात २८ वर्षे टंकलेखकाचे काम केले. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा सौम्य झटका आला. चालणे-बोलणे पुष्कळसे पूर्ववत झाले. डावा हात मात्र जणू पाहुण्यासारखा अंगाशी राहिला. उजव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी जुना संधिवात आहे, त्यामुळे लेखणी धरली की चार ओळींतच कळ येते.

बेळगावला तिची थोरली बहीण असते, आमच्या अक्का. लग्न होऊन आई सांगलीला आल्यापासून दोघींत आठवड्याला एक पत्र ठरलेले. मधल्या काळात टेलिफोन आला, मोबाईल आला, पत्रे विरळ झाली. पण गेल्या काही वर्षांत अक्कांची श्रवणशक्ती जवळजवळ गेली आणि पत्र हाच दोघींतला एकमेव मार्ग उरला. नेमक्या त्याच वेळी आईचा हात गेला. मोबाईलवर लिहायचे तर तो एका हातात धरून दुसऱ्या हाताने लिहावे लागते. तो दुसरा हातच नाही.

'आता बोलून लिहिता येते की,' असे आम्हाला अनेकांनी सुचवले. ते खरेच आहे. झटक्यानंतर आईचे काही उच्चार किंचित जड झाले आहेत, तरी आम्ही प्रयोग करून पाहिला. यंत्राने निम्मे शब्द बरोबर ओळखले, निम्म्यांची गंमत केली. पण आईने तो मार्ग सोडला तो या कारणाने नव्हे. एक दिवस ती शांतपणे म्हणाली, "अगं, अक्काला जे लिहायचं, ते सगळ्या घरासमोर मोठ्यानं बोलू का?" मी बेळगावला एखादे पत्र लिहून देते, तू सांग, असेही मी म्हटले होते. त्यावर ती नुसती हसली. दोन बहिणींच्या पत्रांत मुलीविषयी, सुनेविषयी, औषधपाण्यावर होणाऱ्या खर्चाविषयी काय काय असेल, ते मुलीच्या हातून कसे लिहून घ्यावे?

त्या दिवसापासून झाकणाची कसोटी ठरली. ते तिला एका हाताने, कोणाला हाक न मारता, उघडता आले पाहिजे, लिहिता आले पाहिजे आणि मिटता आले पाहिजे. टॅब घरात होताच. करोनाच्या काळात माझ्या मुलाच्या शाळेसाठी तो घेतला होता आणि शाळा सुरू झाल्यावर कपाटात पडून होता.

दुकानात मी डावा हात पाठीमागे धरून झाकणे उघडू लागले. विक्रेत्या मुलाला प्रथम ते चमत्कारिक वाटले. कारण सांगितल्यावर त्याने स्वतःही एक हात खिशात घातला आणि मग आम्ही दोघांनी मिळून एकेक तपासले. आश्चर्य म्हणजे सर्वांत महागडी झाकणे याच परीक्षेत मागे पडली. त्यांचे चुंबक इतके घट्ट की खालचा भाग दुसऱ्या हाताने दाबून धरल्याशिवाय वरचा उचलत नाही. काही झाकणांना मागे टेकण असते, चित्राच्या चौकटीला असते तसे. ते बाहेर ओढायला नखाची ताकद लागते, शिवाय त्याला मागे बरीच जागा द्यावी लागते. आई पलंगावर बसून समोर छोटा चौरंग घेते. त्या चौरंगावर टॅब, टेकण आणि कीबोर्ड एकामागे एक मावत नाहीत. बिजागरीचे झाकण त्या मानाने कमी जागेत उभे राहते, पण ते जड. टॅबसह वजन एक किलोच्या पुढे जाते. एका हाताने पलंगावरून टेबलावर ठेवायचे तर हा भार थोडा नाही.

जोडणीचाही प्रश्न होता. ब्लूटूथवर चालणाऱ्या झाकणाला स्वतःची बॅटरी असते. ते वेगळे चार्ज करावे लागते, आणि काही वेळ न वापरल्यास ते झोपी जाते. जागे होताना पहिली दोन-तीन अक्षरे गिळते. दुसरा प्रकार टॅबच्या कडेवरील धातूच्या ठिपक्यांना चिकटून तिथूनच वीज घेतो. त्याला चार्जिंग नाही, जोडणीची खटपट नाही. मात्र टॅबला तसे ठिपके असावे लागतात आणि झाकण नेमके त्याच टॅबसाठी केलेले असावे लागते. आमच्या टॅबला ते होते. निम्मी झाकणे तिथेच बाद झाली, हे बरेच झाले.

उरलेल्यांत मराठीचा प्रश्न आला, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे; कारण दुकानात हा विषय कोणी काढत नाही. झाकणावरची अक्षरे इंग्रजी असतात, एवढीच अडचण आहे असे आपल्याला वाटते. ती अडचण सर्वांत सोपी. देवनागरी अक्षरांचे स्टिकर स्वस्तात मिळतात आणि प्लॅस्टिकच्या बटणांवर नीट बसतात. कापडाने मढवलेल्या कीबोर्डावर मात्र त्यांच्या कडा उचलल्या जातात. खरी अडचण बटणांच्या आकारात आहे.

मराठी लिहिण्याची इनस्क्रिप्ट ही मांडणी १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट झाली. तिच्यात स्वर आणि काना-मात्रा-वेलांट्या डाव्या हाताखाली, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताखाली येतात. आता इंग्रजीच्या कीबोर्डावर उजव्या काठाला काय असते? अर्धविराम, अवतरणचिन्ह, चौकटी कंस, तिरप्या रेघा. इंग्रजी लिहिणाऱ्याला ती चिन्हे क्वचित लागतात, म्हणून दहा इंची टॅबच्या झाकणात जागा वाचवायची झाली की कात्री तिथेच चालते. ती बटणे निम्म्या रुंदीची करतात, नाहीतर एखादे उचलून भलत्याच ओळीत नेऊन बसवतात. पण इनस्क्रिप्टमध्ये अर्धविरामाच्या बटणावर 'च' आहे, अवतरणचिन्हावर 'ट', कंसावर 'ड', उलट्या तिरप्या रेघेवर 'ॉ', आणि खालच्या ओळीतील तिरप्या रेघेवर 'य'. एरवी अडगळ समजली जाणारी ही जागा मराठीची भर वस्ती आहे.

मी दुकानात परीक्षेसाठी एकच शब्द ठरवला: 'डॉक्टर'. त्यातील ड, ॉ आणि ट तिन्ही त्या काठावर राहतात. शिवाय आईच्या पत्रांत हा शब्द किती वेळा येणार, हे सांगायला नको! एका स्वस्त झाकणावर 'ड' चे बटण माझ्या करंगळीहूनही अरुंद होते आणि 'ॉ' चे बटण पार वर आकड्यांच्या शेजारी गेले होते. ते मी तिथेच परत ठेवले. आपल्यापैकी कोणी मराठीसाठी असे झाकण घेणार असेल, तर रंग आणि किंमत नंतर पाहावी. आधी उजवा काठ पाहावा. टॅबच्या सेटिंगमध्ये बाहेरून जोडलेल्या कीबोर्डासाठी मराठीची मांडणी मिळते का, हेही तिथेच तपासावे. झाकण जोडले की पडद्यावरचा ओळखीचा मराठी कीबोर्ड नाहीसा होतो आणि मग माणूस गोंधळतो.

लहान आकाराचा आईला एक लाभही झाला. नेहमीच्या कीबोर्डावर एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत साधारण १९ मिलिमीटर अंतर असते. टॅबच्या झाकणावर ते एक-दोन मिलिमीटरने कमी भरते. दोन हातांनी वेगाने लिहिणाऱ्याला ही कोंदट जागा वाटते. एकाच हाताने सगळा मुलूख फिरायचा असेल, तर तेवढीच पायपीट वाचते. आईने मांडणीचा कागद पाहून लगेच म्हटले, "व्यंजनं सगळी माझ्या चांगल्या हाताकडे आलीत. काना-मात्रेसाठी जाईन तिकडे."

शिफ्टचे कोडे मात्र मोठे होते. इंग्रजीत ते बटण वाक्याच्या आरंभी लागते. इनस्क्रिप्टमध्ये ख, घ, थ, ध, भ, ण, ळ, श ही सारी अक्षरे शिफ्टसह येतात, मोकळे स्वरही तसेच. म्हणजे 'अक्का' या संबोधनाचे पहिलेच अक्षर शिफ्टशिवाय उमटत नाही, आणि 'बेळगाव' मधला 'ळ' ही नाही. दोन बटणे एकाच वेळी दाबायला दोन हात हवेत, निदान लांब बोटे तरी. याचा उपाय झाकणात नसून टॅबमध्ये निघाला. सुलभतेच्या सेटिंगमध्ये एक सोय असते. ती चालू केली की शिफ्ट दाबून सोडून द्यायचे आणि मग सावकाश दुसरे बटण दाबायचे. यंत्र तेवढा वेळ थांबते. बोट अडखळून एकच अक्षर तीनदा उमटू नये, यासाठीही तिथेच व्यवस्था आहे. या दोन सोयींना एक पैसा पडत नाही, आणि आईच्या दृष्टीने झाकणाइतकेच त्यांचे मोल आहे.

कातड्याचा विषय आमच्या घरी निघणारच होता. आई चामड्याची वस्तू हातात घेत नाही. तिची घड्याळाची पट्टीही कापडी आहे. दुकानातील निम्मी झाकणे चामड्यासारखी दिसत होती. 'व्हीगन लेदर' असे म्हणून विक्रेता आश्वासन देतो. त्याचा अर्थ बहुतेक वेळा कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा, म्हणजे प्लॅस्टिकचा थर इतकाच असतो. प्राण्याचे कातडे त्यात नाही हे ठीक. पण आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत तो थर काही वर्षांत पापुद्रे सोडू लागतो, हेही ठाऊक असावे. अ‍ॅपलने २०२३ मध्ये आपल्या नव्या वस्तूंत कातडे वापरणे थांबवल्याचे जाहीर केले, तरी इतरांची खरी चामड्याची झाकणे बाजारात आहेतच. खोक्यावरचा मजकूर वाचल्याशिवाय घेऊ नये. आम्ही साध्या, खरखरीत विणीच्या कापडी पाठीचे घेतले. ते दिसायला अगदीच बेताचे आहे. माझ्या मुलाने त्याला 'सरकारी फाइल' असे नाव ठेवले, आणि आईला ते फार आवडले.

शिकायला तिला महिना लागला. टंकलेखन यंत्रावर ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची आणि अक्षर मागून, कारण कागदावर ती आधी दिसते. संगणकात अक्षर आधी, वेलांटी नंतर, जसा उच्चार तसा क्रम. २८ वर्षांची सवय तिच्या बोटांत इतकी मुरलेली की 'दिवस' हा शब्द काही दिवस भलताच उमटत राहिला. जोडाक्षरांचेही तेच. यंत्रावर अर्धे अक्षर आयते असे. त्याला काना जोडला की ते पूर्ण होई. इथे अक्षर पूर्णच येते आणि ते हलन्ताने मोडावे लागते. "पूर्वी जोडत होते, आता मोडते," असे म्हणत ती रोज सकाळी अर्धा तास एका हाताने सराव करी. आम्ही खोलीत गेलो की झाकण मिटत असे. ते एका हाताने, अगदी सहज मिटते, हे मी मनातल्या मनात नोंदवून ठेवले.

भाद्रपदात क्षमावाणीच्या दिवशी तिने अक्कांना पहिले मोठे पत्र पाठवले. तयार चित्रे पाठवणाऱ्यांची त्या दिवशी मोबाईलवर रीघ लागते. हिचे पत्र दुपारचा सगळा वेळ चालले होते. काय लिहिले ते मला ठाऊक नाही. अक्का मोबाईलवर अक्षरे मोठी करून स्वतः वाचतात. उत्तर मात्र त्या हाताने लिहून अंतर्देशीय पत्रानेच धाडतात. पहिल्या उत्तरात त्यांनी तक्रार केली होती म्हणे की, तुझी सगळी अक्षरे सारखीच येतात, कुठे घाई केलीस आणि कुठे थांबलीस ते कळत नाही. एवढी एकच ओळ आईने मला वाचून दाखवली.

आलेली पत्रे ती त्या झाकणातच ठेवते, पडदा आणि बटणे यांच्या मध्ये. चार-पाच पत्रे साचली की झाकण पुरते मिटत नाही. कागदांच्या दाबाने एखादे बटण दबते आणि रात्री अंधारात पडदा मध्येच उजळतो. पत्रांना एक वेगळी डबी देते, असे मी सुचवून पाहिले. "राहू दे तिथंच," आई म्हणाली.