मुंडासे

उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणारे आम्ही चार शिक्षक. डोंगरातल्या शर्यतीसाठी स्वयंसेवक हवेत, असा निरोप आला तेव्हा हेडमास्तर साहेबांनी आमचीच नावे पाठवली. कारण एवढेच की, स्काउटच्या शिबिरात आम्ही प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र मिळवले होते. सह्याद्रीतली २१ किलोमीटरची वाट. आमच्या वाट्याला चौदाव्या किलोमीटरवरची खिंड. तिथे गाडी येत नाही, मोबाईलला रेंज नाही. डॉक्टर आणि रुग्णवाहिका पायथ्याला. आमच्याजवळ पट्ट्यांची पेटी, मीठ-साखरेची पाकिटे आणि पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन.

ऑक्टोबरचे दिवस. दहाच्या सुमारास एक तरुण झोकांड्या खात आला. "भाऊ, बसा जरा," म्हटले तर आमच्यावरच खेकसला. नाव विचारले, तर भलतेच बरळू लागला. आम्ही त्याला सावलीत बसवून तोंडाला बाटली लावली. जोराचा ठसका लागला. कपाळाला हात लावला तर तवा! मग आमची एकच घाई : याला खाली पोचवा. उचलून न्यायचे तरी दीड तास सहज लागला असता.

तेवढ्यात शर्यतीतलीच एक मुलगी थांबली. डॉक्टरकी शिकत होती. म्हणाली, "सर, उचलू नका. आधी इथेच थंड करा. आणि शुद्ध नाही तोवर तोंडात पाणी घालू नका."

जवळच्या वाड्यावरचे धनगर मामा शर्यत बघत बसले होते. काही न विचारता त्यांनी टाक्यातून हंडा भरून आणला, डोक्याचे मुंडासे सोडून पाण्यात बुडवले आणि पोराच्या अंगावर पसरले. हंड्यामागून हंडा. आम्ही पुठ्ठ्यांनी वारा घालत होतो. वीसेक मिनिटांनी त्याने स्वतःचे नाव नीट सांगितले. मग घोंगडीची झोळी करून त्याला उतरवले.

आम्ही वर्गात 'लू लगना' शिकवतो. पण लू हा वारा, तो बाहेरून लागतो. धावणाऱ्याच्या शरीरातली आग त्याच्याच स्नायूंची असते. ऊन बेताचे असले तरी ती भडकते. पहिल्या अर्ध्या तासात अंग थंड झाले नाही, तर मेंदू, यकृत, मूत्रपिंडे जायबंदी होतात. बी.एड.ला पाठ टाचण काढून हा धडा घेतला होता आम्ही! गुणही चांगले पडले होते.

त्यानंतर अशा शर्यतींविषयी मिळेल ते वाचत गेलो. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या शर्यतीत डोंगरावर गारा आणि वादळी वारा सुटला. १७२ धावपटूंपैकी २१ गारठून मेले. वाऱ्यापासून वाचवणारे जाकीट सक्तीचे नव्हते. तिथेही सहा जणांना वाचवले ते एका मेंढपाळाने, आपल्या गुहेत शेकोटी पेटवून.

दुसऱ्या वर्षी आम्ही अटी घातल्या. खिंडीत एक डॉक्टर, वॉकीटॉकी, बर्फाच्या पेट्या आणि ताडपत्री. आयोजकांनी खर्चाची कुरकुर केली. बर्फ मिळाला, डॉक्टर नाही. येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही नाव आणि गाव विचारत होतो. पाणीही आग्रह करकरून पाजत नव्हतो, कारण नुसते पाणी अति झाले की रक्तातले सोडियम उतरते आणि माणूस तसाच बरळतो.

मामांचे मुंडासे त्या गडबडीत खाली गेले ते परत आलेच नव्हते. आम्ही नवे नेले. मामांनी ते उलगडून पाहिले, गुंडाळले आणि विचारले, "त्यो पोरगा पळतोय का पुन्हा?"

आम्ही चौघे एकमेकांकडे बघत राहिलो.