लाकडाच्या बदल्यात छाटणी नको



पाऊस ओसरला की आमच्या कोकणात जुन्या हापूसच्या साफसफाईची कामं निघतात. स्वतःची कलमं सांभाळून मी दुसऱ्यांच्या बागेतही छाटणीला जातो. दरवर्षी कोणीतरी म्हणतंच, "पैसे कशाला, लाकूड घेऊन जा की!" मी सरळ नाही म्हणतो. मजुरी लाकडात ठरली की करवत जाड फांदीकडेच वळते. झाडाला मात्र काढून हवी असतात सुकलेली काटकी, बांडगूळ, आतली दाटी. त्याला वखारीत कोण विचारतो?

परवाच अशी एक बाग बघितली. आजोबांनी लावलेलं कलम, तीन जाड फांद्या खोडाला घासून कापलेल्या, साल खालपर्यंत फाटलेली. जखमेपाशी भिरुडाचा भुसा.

जाड फांदी काढावीच लागली तर तीन काप घ्या. पहिला खोडापासून हातभर लांब, खालून थोडासा. दुसरा त्याच्या जरा पुढे, वरून. फांदीचं वजन गेलं की तिसऱ्या कापात खुंट काढा, पण फांदीच्या मुळाशी असलेला फुगवटा शाबूत ठेवा. जखम तिथूनच भरते. लांब खुंट ठेवलात तर तो कुजतो.

वर बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवा, लोखंडी भांडं नको.

जाणाऱ्या फांदीवर आधी मालकाने स्वतः चुन्याची खूण करावी. आणि मजुरी रोख द्यावी.